जिप्सीला शेंदूर

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो सप्टेंबरात, कल्याण-मुरबाड रस्त्यावर. काटा साठच्या पुढे गेला की मागून एक बारीक सूर लागायचा. तंबोऱ्याची एकच तार कुणीतरी सोडायला तयार नाही, असा. एक्सलरेटर दाबला की तो दबायचा, पाय उचलला की वर यायचा. मी काच खाली केली, वर केली, चाळिसावर आले, पुन्हा साठ गाठले. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "गाडी कण्हतेय गं."

"जुनी झालीय हो आई," म्हणून मी विषय संपवला. पुढे दोन महिने तो तसाच संपलेला राहिला.

गाडी म्हणजे आमची मारुती जिप्सी, २००४ ची. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत रीतसर पासिंग करून घेतलेली. कोलशेतला आमच्या सोसायटीच्या तळघरात ती उभी असते तेव्हा येणारेजाणारे तिला हौसेची गाडी समजतात. पण तिचं काम मुरबाडच्या पुढे आहे. तिथे सासरची थोडी भातशेती आहे, एक कौलारू घर आहे आणि त्या घराच्या अलीकडे एक ओढा आहे. पूल नाही. पावसात गुडघाभर पाणी, खाली गोल गोटे आणि पलीकडे लाल चिखलाची चढण. सासूबाईंना ठाण्यात करमत नाही. पंधरा दिवसांतून एकदा त्यांना त्या ओढ्यापलीकडे नेणं हे मी माझं काम मानते. ही गाडी नसेल तर पावसाचे चार महिने त्यांचं घर त्यांच्यासाठी नुसतं बोलण्यापुरतं उरतं.

आवाजाच्या महिनाभर आधी आणखी एक गोष्ट झाली होती. ऑगस्टात गाडीखाली तेलाचे डाग दिसले. मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या गोळ्याच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या तोंडाशी, जिथे इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट मिळतो तिथे, ओघळ होता. वाटेवरच्या एका गॅरेजात नेली. "ऑइल सील गेलंय," म्हणाले, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवून धरणारं कडं. अर्ध्या तासात शाफ्ट सोडला, नवं सील ठोकलं, हवेच्या गनने नट टर्रकन आवळला, वरून थोडं तेल घातलं. मी पैसे दिले आणि निघाले. गळती थांबली होती. सील का गेलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नोव्हेंबरात माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला गाडी पहिल्यात टाकली आणि मागून 'टक्' झालं. थोडं पुढे गेले, पुन्हा टक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. त्या क्षणी पोटात जे झालं ते लेकराच्या छातीत घरघर ऐकून होतं तसं होतं. गाडी बाजूला घेतली, टोइंगवाल्याला फोन केला आणि तिला वागळे इस्टेटला आमच्या मेकॅनिककाकांकडे न्यायला सांगितलं.

वागळे इस्टेटमध्ये पत्ते अजून आकड्यांनी सांगतात. रोड नंबर १६, रोड नंबर २२. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, आणि ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. एकेकाळी इथे गल्लीगल्लीत लेथ फिरत होते. आता बऱ्याच शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्यात आणि दुपारी गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं टपरीवर चहाला येतात. काकांची शेड अशाच दोन इमारतींच्या मधल्या बोळात आहे. तरुणपणी त्यांनी इथल्याच एका कारखान्यात गिअर कापायच्या मशीनवर काम केलं. कारखाना बंद झाला, हात तेवढे राहिले. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, आणि तो या कामानंतर वाढलाय.

काकांनी गाडीखाली जाऊन आधी काहीच सोडलं नाही. शाफ्ट हाताने अलीकडे-पलीकडे हलवला, प्ले, म्हणजे तो किती ढिला आहे ते बघितलं, मग डिफरन्शियलच्या खालचा प्लग काढला. तेल काळं-पिवळं यायला हवं होतं. आलं ते दुधाळ, चहात साय ढवळल्यासारखं. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता आणि त्या लगद्यात तांदळाच्या दाण्याएवढा पोलादाचा तुकडा. काकांनी तो बोटावर घेऊन माझ्यापुढे धरला.

"दात तुटलाय, ताई. आणि आत पाणी आहे."

डिफरन्शियल हा भाग लोकांना एकदम अवघड वाटतो. सासूबाईंना मी तो बैलगाडीवरून सांगितला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. बैलगाडीला याची अडचण नाही. तिची चाकं आसावर मोकळी असतात, जे ते आपापल्या वेगाने फिरतं, कारण ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत चाकंच बैल. त्यांनाच जोर द्यायचा आणि वळताना एकाला जास्त, एकाला कमी धावूही द्यायचं. एका दांड्याला दोन्ही चाकं जखडली तर वळणावर एक फरपटतं. म्हणून मधे हा गिअरांचा गोळा. इंजिनाकडून येणारा छोटा पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो, आणि क्राउनच्या पोटातले चार लहान गिअर ज्या चाकाला जेवढं हवं तेवढं फिरू देतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वंगण महत्त्वाचं." त्यांच्या वडिलांच्या गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे, आणि आस कुरकुरायला लागला की वडील बैल थांबवत.

कुरकुरायला लागला की थांबवत. हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मला ते रात्रभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत रजा टाकली आणि शेडमध्ये जाऊन बसले. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. चाकं काढली, ब्रेकचे ड्रम काढले, दोन्ही बाजूंनी एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, बाहेर ओढले. जिप्सीत एक सोय चांगली आहे: एक्सल ओढले आणि शाफ्ट सोडला की डिफरन्शियलचा अख्खा गोळा पुढून बाहेर येतो, टेबलावर ठेवून काम करता येतं. काही जीपगाड्यांत तो मागचं झाकण काढून गाडीखालीच बसवावा लागतो. बारक्याने, म्हणजे काकांच्या हाताखालच्या मुलाने, गोळा छातीशी धरून आणला. सोडण्याआधी काकांनी बेअरिंगच्या दोन टोप्यांवर पंचने खुणा केल्या, डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. "या आपापल्या जागीच कापल्यात. बाजू बदलली की संपलं."

मग सगळे भाग डिझेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर मांडले, आणि काका चष्मा लावून ते वाचायला लागले. वाचायला हाच शब्द बरोबर आहे. बेअरिंगची बाहेरची कडी त्यांनी उजेडात धरली. तिच्या आतल्या गुळगुळीत कडेवर गंजाच्या उभ्या रेघा होत्या, एकीपासून दुसरी अगदी सारख्या अंतरावर. "हे अंतर रोलरचं. गाडी उभी होती, पाणी खाली बसलं, आणि जिथे जिथे रोलर टेकला होता तिथे तिथे गंज धरला." म्हणजे ओढा ओलांडून आल्यावर ती तळघरात दोन-दोन आठवडे उभी असायची, तेव्हाचं हे. मी त्या रेघांवरून नख फिरवलं. प्रत्येक रेघेशी ते अडकत होतं.

पिनियनच्या तोंडाकडचं बेअरिंग मात्र वेगळं बोलत होतं. त्यावर गंज कमी होता, पण रंग निळसर-जांभळा पडला होता. पोलाद तापल्याचा तो रंग. काकांनी विचारलं, "इथलं सील कुणी बदललं?" मी सांगितलं. "गनने आवळलं?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले.

पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मधे पोलादाची एक पातळ नळी असते. नट आवळत जावा तशी ती थोडी थोडी चेपते आणि बेअरिंगांवर ठरावीक ताण बसतो. सील बदलताना नटाची जुनी जागा खुणेने राखावी लागते, नाहीतर नवी नळी घालून ताण नव्याने मोजावा लागतो. गनचा एक टर्र जास्त झाला की नळी जास्त चेपते, बेअरिंग आवळलं जातं, आणि मग ते फिरताना स्वतःलाच जाळतं. माझ्या कानावर येणारा तो सूर याचा होता. पुढे बेअरिंग झिजून ढिलं पडलं, पिनियन हलायला लागला, दाते भलत्या जागी भिडू लागले, आणि एक दाता गेला.

"पण सील मुळात गेलं कशानं?" हा प्रश्न या वेळी मी विचारला.

काकांनी बारक्याला गाडीखाली पाठवलं. हाउसिंगच्या, म्हणजे हा गोळा ज्यात बसतो त्या पेटीच्या माथ्यावर एक लहानशी टोपी असते, ब्रीदर. डिफरन्शियलचं नाक म्हणा. ती लाल मातीने इतकी गच्च लिंपली होती की बारक्याने सुई घालून कोरून काढली. मग सगळं उलगडलं. कोलशेतहून मुरबाडपर्यंत गाडी धावते, आतलं तेल तापतं, हवा फुगते, आणि नाक बंद असल्यामुळे ती सीलच्या ओठातून तेलासकट बाहेर पडते. तो ऑगस्टचा ओघळ. आणि तसंच तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढून घेते. त्या वेळी सीलच्या बाहेर हवा नसते, पाणी असतं. रस्त्यावर श्वास बाहेर, ओढ्यात श्वास आत. फुकटच्या मातीच्या एका बोळ्याने हे केलं होतं.

मला राग आला. त्या गॅरेजचा आलाच, कारण गळती बंद करून त्यांनी दुखणं आत कोंडलं आणि वर एक नवं दुखणं दिलं. पण जास्त राग सप्टेंबरातल्या त्या काच वर-खाली करण्याचा आला. गाडी सांगत होती. एका म्हातारीला ते पहिल्या दिवशी कळलं होतं.

दोघातिघांनी सल्ला दिला की कुर्ल्याहून जुना गोळा आणा, आहे तसा बसवा, एका दिवसात गाडी हातात. स्वस्तही पडलं असतं. मी नाही म्हटलं. तो गोळा कुठल्या ओढ्यातून गेला, त्याच्यावर कुणी कुठली गन चालवली, काय ठाऊक? आपल्या गाडीचं दुखणं निदान आता नावानिशी माहीत होतं. काकांना हे पटलं, आणि त्यांनी नवा क्राउन-पिनियन, चारही बेअरिंगं, सीलं आणि दोन चेपणाऱ्या नळ्या यांची यादी लिहून दिली. दोन कशाला, विचारलं तर म्हणाले, "एक चुकीसाठी."

जिप्सीचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली तरी तिचे भाग मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी दोन शनिवार फिरले. पहिल्या शनिवारी आणलेला सेट काकांनी हातात घेतला, एका दात्यावर खडूची खूण केली आणि मोजायला बसले. दाते जुन्याशी जुळेनात. चारही चाकांना जोर देणाऱ्या फोर-व्हील गाडीत पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर एकच असावं लागतं, नाहीतर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअरबॉक्स पिळला जातो. सेट परत गेला. दुसरा जुळला.

क्राउन आणि पिनियन कधी एकेकटे विकत घ्यायचे नसतात. कारखान्यात ते जोडीने घासून एकमेकांना बसते केलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. दात्यांची संख्या ठरवण्यातही एक खुबी आहे. समजा पिनियनला ११ दाते आहेत आणि क्राउनला ४१. चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या पावणेचारच्या आसपास फेऱ्या. पण ११ आणि ४१ यांना एकाने सोडून सामाईक भाग जात नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला कधी ना कधी भेटतो. कुणाची ठरलेली गाठ नाही. एखाद्या दात्यात खोट असली तर ती एकाच जोडीदाराला खात बसत नाही, सगळ्यांत वाटली जाते आणि झीज सारखी होते. काकांनी हे गिअर हातात फिरवत सांगितलं तेव्हा मला ते इतकं सुंदर वाटलं की मी घरी येऊन कागदावर एक्केचाळीस फेऱ्यांचा हिशेब मांडून बघितला.

मग शेंदूर. दाते बरोबर जागी भिडतात की नाही हे नुसत्या डोळ्याने दिसत नाही. दात्यांना रंग लावून फिरवायचं आणि घासल्याने रंग कुठे पुसला ते बघायचं. त्यासाठी तयार रंगाच्या ट्यूबही मिळतात, पण काका कारखान्यापासून शेंदूरच वापरत आलेत. त्यांचा संपला होता, म्हणून मी जांभळी नाक्यावर पूजासाहित्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "मारुतीला का?" मी म्हटलं, "हो, मारुतीलाच." खोटं नव्हतं. काकांनी पुडी तळहातावर तोलून पाहिली. खरा शेंदूर शिशाचा, म्हणून जड. हल्ली हलका नारिंगी रंगही शेंदूर म्हणून विकतात. हा जड होता. त्यांनी तो तेलात कालवला आणि बारक्याला बजावलं, "साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही. शिसं पोटात जातं."

क्राउनच्या सातआठ दात्यांना दोन्ही अंगांनी शेंदूर लागला. काळ्या-करड्या पोलादावर तो रंग असा उठला की शेडमधलं सगळं बाकीचं फिकं झालं. बारक्याने क्राउनला लाकडाच्या ठोकळ्याने थोडा अटकाव धरला, काकांनी पिनियन पुढे फिरवला, मग उलट. दात्यावर शेंदूर पुसून एक चकचकीत लांबट ठसा उमटला, वेलदोड्याएवढा. तो दात्याच्या मधोमध हवा. आमचा शेंड्याकडे सरकला होता. म्हणजे पिनियन अजून थोडा आत जायला हवा. पिनियन बाहेर, बेअरिंग दाबयंत्रावर काढायचं, त्याच्यामागे जाड शिम, म्हणजे पोलादाची पातळ चकती, घालायची, पुन्हा बेअरिंग दाबून बसवायचं, पुन्हा सगळी जुळणी, पुन्हा शेंदूर. दुसऱ्या वेळी ठसा मुळाकडे उतरला. शिम जास्त झाली होती. आधीच्या आणि आताच्या शिमेतला फरक कागदाच्या जाडीएवढा.

तिसऱ्या खेपेला संध्याकाळ झाली होती. बाहेर इमारती सुटून रस्ता गाड्यांनी भरला होता. डायल गेजवर दात्यांमधली मोकळीक पाच थाऊ दाखवत होती. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पाच. काकांनी टॉर्च धरली. ठसा मधोमध होता, दोन्ही टोकांना न टेकता, कडा मऊ. ते काही बोलले नाहीत. बारक्याला म्हणाले, "बघ." त्याने वाकून बघितलं. मग मला म्हणाले, "ताई, बघा." मीही वाकले. एवढ्याशा ठशातून आता घरच्या माणसांसकट टनावर वजन ओढलं जाणार होतं.

नवी नळी अगदी शेवटी घालतात, कारण ती एकदाच चेपते. पान्याला लांब पाइप लावून काका आणि बारका दोघं मिळून नट आवळत होते, घड्याळाच्या काट्याचं एखादं मिनिट फिरावं तेवढा. प्रत्येक वेळी थांबून पिनियनच्या टोकावरच्या चकतीला, फ्लँजला, दोरी गुंडाळायची, दोरीला भंगारवाला वापरतो तसला स्प्रिंगचा हुक-काटा लावायचा आणि सावकाश ओढायचं. पिनियन फिरायला लागताना काटा किती दाखवतो, तो ताण. काटा बराच वेळ हलायलाच तयार नव्हता आणि मग एकदम दोन वेळा आवळण्यात जागेवर आला. तिथे थांबायचं. पुढे गेलं तर मागे येता येत नाही, नळी फेकून द्यावी लागते. आमची दुसरी नळी लागली नाही. ती मी गाडीच्या कप्प्यात ठेवलीय.

उरलेलं काम झरझर झालं. गोळा आत, एक्सल आत, नवी सीलं, ब्रेकची हवा काढली. तेल घातलं ते जीएल-५ प्रतीचं, भरायच्या भोकातून ओघळ येईपर्यंत. त्याचा गंधकासारखा उग्र वास पूर्वी मला नकोसा व्हायचा. या गिअरांत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये ही रचना आपल्या मोटारींत आणली. त्यामुळे शाफ्ट खाली जातो आणि गाडीचा तळ खाली आणता येतो. पण दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटतातही. साधं तेल त्या घसटीत फाटतं. त्या वासात जे मिसळलेलं असतं तेच पोलादाला पोलादापासून वाचवतं. आता मला तो वास चालतो.

ब्रीदरची टोपी काकांनी काढूनच टाकली. तिच्या जागी रबरी नळी बसवली आणि चासीवरून वर नेऊन मागच्या दिव्याच्या आतल्या बाजूला, ओढ्याचं पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर, तोंड खाली करून बांधली.

पहिली पंधरा मिनिटं चालवून गाडी गार होऊ द्यायची, मग पुन्हा, असं तीनदा करायला सांगितलं होतं. मी घोडबंदर रस्त्यावर रात्री साडेदहानंतर गायमुखपर्यंत गेले. काच खाली, रेडिओ बंद. साठ. पाय उचलला. टायरांचा आवाज आला, वाऱ्याचा आला, खाडीकडून ओला वास आला. तो सूर नव्हता. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. परतताना कासारवडवलीला थांबून गाडीखाली हात घातला. हाउसिंग कोमट होतं, हात ठेवता येत होता. आठशे किलोमीटरनंतर तेल बदललं तेव्हा चुंबकावर काजळीसारखा बारीक लेप होता, नव्या दात्यांचा. बारक्याने तो अंगठा आणि बोटात चोळून बघितला आणि कणी लागत नाही म्हणून मान हलवली.

यंदा जूनच्या शेवटी ओढ्याला पहिलं पाणी आलं. आम्ही काठाशी पोहोचलो तेव्हा पलीकडे घराची कौलं दिसत होती आणि पाऊस उघडला होता. मी इंजिन बंद केलं. सासूबाईंनी विचारलं, "का गं, पाणी जास्त आहे?" मी म्हटलं, "नाही आई, गाडी तापलीय, गार होऊ दे." त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. मी मागे जाऊन उकिडवी बसले, हाउसिंगवर तळवा ठेवला. अजून ऊन होतं. चहा पिऊन पुन्हा ठेवू असं ठरवून मी दगडावर त्यांच्या शेजारी येऊन बसले.